पाणपोईवरची मुलगी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका प्राध्यापकांच्या रजेमुळे द्वितीय वर्षाचा एक तास मोकळा मिळाला होता. अभ्यासक्रमाबाहेरचे काही सांगावे म्हणून मी 'गाथासप्तशती'तील चार-दोन गाथा घेऊन वर्गावर गेले. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला, महाराष्ट्री प्राकृतातला हा सुमारे सातशे गाथांचा संग्रह. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तो मराठीत आणला, तेव्हापासून आपल्याकडच्या वाचकांना तो बऱ्यापैकी परिचित आहे. त्यातली एक गाथा अशी : वाटसरू पाणपोईवर ओंजळ धरून पाणी पितो आहे. नजर मात्र पाण्याकडे नाही, पाणी घालणाऱ्या मुलीकडे आहे. पिणे लवकर संपू नये म्हणून तो बोटे जराशी विलग करतो. पाणी गळून जाते, ओंजळ भरत नाही. मुलीच्या हे ध्यानात येते. मग ती काय करते? आधीच बारीक असलेली धार ती आणखी बारीक करते.

एवढीच गाथा. दोघांपैकी कुणी एक शब्द बोललेले नाही, आणि सांगायचे काही राहिलेलेही नाही. मुले खूष झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी वर्गात तोंड उघडत नाही, म्हणाली, "पण मॅडम, त्या मुलीला तहान लागली तर?"

वर्ग हसला. मीही हसले आणि पुढच्या गाथेकडे वळले. शिक्षकाला उत्तर ठाऊक नसले की तो पुढच्या गाथेकडे वळतो, हे तीस वर्षांच्या नोकरीनंतर कबूल करायला हरकत नाही. यंदा मी निवृत्त होत आहे. वार्षिकासाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा 'मराठी प्रबंधलेखनाची पद्धती' वगैरे विषय मनात आले होते. पण तो प्रश्न मध्येच येऊन बसला. तेव्हा, स्त्रिया प्रेम देतात कसे आणि घेतात कसे, याविषयी जे वाचले, जे पाहिले, ते या निमित्ताने मांडते. देण्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. अडचण आहे ती घेण्याची.

आधी देण्याविषयी. आपल्याकडे स्त्रीने पुरुषावरचे प्रेम सरळ बोलून दाखवावे अशी रीत नव्हती, हे सांगायला नकोच. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही. तो 'अहो', 'हे', 'इकडची स्वारी' किंवा अमक्याचे बाबा. त्याने मात्र 'अगं' म्हणायचे. नाव घ्यायला परवानगी होती ती उखाण्यात. आता उखाण्याची करामत पाहा. पहिल्या ओळीत तुळस असते, समई असते, चांदीची वाटी असते. दुसऱ्या ओळीच्या शेपटाला धरून नवऱ्याचे नाव आत येते. त्या दोन ओळींत नवऱ्याविषयी एक अक्षर नसते. तो कसा आहे, आवडतो की नाही, काहीच नाही. आणि तरीही लग्नघरात 'नाव घे, नाव घे' असा गलका झाला की नवी नवरी लाजून लाल होते. जे नाव एरवी ओठांवर आणायचे नाही, ते पन्नास माणसांच्या देखत उच्चारायचे. सगळी गंमत त्या एका शब्दात. मजकूर वाटीचा, भावना नावाची.

ही आडवाट केवळ लाजेपोटी पडली असे मला वाटत नाही. गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत मुलगी सासरी यायची ती आठ-दहा वर्षांची होऊन. एकत्र कुटुंबात दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलणे म्हणजे निर्लज्जपणा. घरात सासू, आत्येसासू, विधवा नणंदा. ज्यांच्या वाट्याला संसारसुख आलेच नाही, त्यांच्या डोळ्यांदेखत आपले सुख मिरवायचे कसे? तेव्हा ते लपवायचे, वस्तूत गुंडाळायचे, गाण्यात घालायचे. बोललेला शब्द घरभर होतो. भाकरीवर जरा जास्त घातलेले लोणी फक्त खाणाऱ्याला कळते.

जात्यावरच्या ओव्यांतही हेच दिसते. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून त्यांचे भांडार उघडले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्यांतल्या पुष्कळ ओव्या गाणाऱ्या बायकांच्या आवाजासह लोकांपुढे येत आहेत. या ढिगात हात घातला की पहिल्यांदा लागतो तो भाऊ. मग आई, मग बाळ, मग पंढरीचा विठ्ठल. नवरा शोधावा लागतो. आणि सापडतो तेव्हा तो 'चुडा' असतो, 'कुंकू' असतो, 'भरतार' असतो. अंगावरच्या सौभाग्यचिन्हाला उद्देशून गायले म्हणजे ऐकणाऱ्या सासूला बोट ठेवायला जागा नाही. माझी आजी जात्यावर गायची. आजोबा ओसरीवर असले की भावाच्या ओव्या, आणि ते शेताकडे गेले की दुसऱ्या. कोणत्या, ते मी लहान असल्यामुळे ध्यानात ठेवले नाही. आता त्याचा पश्चात्ताप होतो.

लावणीत बाई उघड बोलते, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण त्या लावण्या लिहिल्या शाहिरांनी, म्हणजे पुरुषांनी. बाईने आपल्याशी काय बोलावे असे पुरुषाला वाटते, त्याचा तो दस्तऐवज आहे. असो.

स्वतः बाईने लिहिलेले पाहायचे तर आत्मचरित्रांकडे वळावे लागते. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली प्रसिद्ध झाले. १८७३ मध्ये लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे. पहिल्याच भेटीत त्यांनी या मुलीला विचारले, की माझे नाव तुला ठाऊक आहे का? आणि तिने ते सांगून टाकले. जे नाव पुढे उखाण्याखेरीज घ्यायचे नाही, त्याच नावाने या संसाराची सुरुवात झाली. मग त्यांनी तिला अक्षरे शिकवायला घेतली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी शिकण्यावरून तिला किती टोचले, ते त्या पुस्तकात आहे. दिवसभर ते टोचणे सोसायचे आणि रात्री नवऱ्याच्या तळपायांना तूप चोळायचे. ही सेवा आजच्या मुलींना खटकेल, मलाही एकेकाळी खटकली. पण पुस्तक पुन्हा वाचताना मला वेगळेच दिसले. दिवसभरात दोघांना मोकळेपणी बोलायला मिळे ती वेळ बहुधा तीच. तूप हे निमित्त. रानडे रागावले की आवाज चढवत नसत, अबोला धरत. तो अबोला रमाबाईंना कोणत्याही बोलण्यापेक्षा अधिक लागे.

कलकत्त्याच्या मुक्कामातली गोष्टही त्यांनीच सांगितली आहे. रानडे बंगाली शिकू लागले ते दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला अक्षरे विचारून. हे पाहून रमाबाईंना हसू आवरेना, आणि त्यांनी नवऱ्याची थट्टा केली. पुढे हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोचलेल्या नवऱ्याला बायको हसते, आणि तो हसण्याला तोंड देतो. अकराव्या वर्षी घाबरत आलेल्या मुलीच्या वाट्याला एवढे आले, हे मला तुपापेक्षा फार महत्त्वाचे वाटते.

थट्टेची खरी अधिकारी म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला. रेव्हरंड टिळकांचा तापटपणा, विसराळूपणा, हातात पैसा न टिकणे, घर सोडून निघून जाणे, हे सगळे त्यांनी इतक्या मिस्कीलपणे लिहिले आहे की वाचता वाचता हसू येते, आणि मग लक्षात येते की हे सोसताना हिला हसू आले नसणार. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, मग त्यांच्याकडे गेल्या, सोवळेओवळे हळूहळू सोडले आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत. ज्या बाईला धड शाळा मिळाली नाही तिने नवऱ्याचे महाकाव्य हाती घेतले! प्रेम देण्याची ही एक रीत. मात्र टिळकांनी तिला काय दिले, असा प्रश्न 'स्मृतिचित्रे' वाचताना मनात येतो, आणि त्याचे उत्तर लक्ष्मीबाई थट्टेतच देतात. मोठी लेखिका होती म्हणून तिला ते साधले. सगळ्यांना थोडेच साधते?

आणि मग आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न, १८८३ मध्ये एकटीने अमेरिकेला प्रयाण, १८८६ मध्ये डॉक्टरची पदवी, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात मृत्यू. तेव्हा बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. गोपाळरावांनी हट्टाने बायकोला शिकवले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पण अमेरिकेतून आनंदीबाईंनी नवऱ्याला एक पत्र लिहिले आहे, त्याची आठवण पुष्कळांना नसते. तुमचे माझ्याशी वागणे चांगले होते की वाईट, हे ठरवणे कठीण आहे, असे त्या म्हणतात, आणि मग हिशेब मांडतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारले, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तके फेकली, सोडून जाण्याची धमकी दिली. शेवटी जे साधले ते पाहता ते योग्यही म्हणता येईल, पण एका लहान मुलीच्या मनावर त्याचा परिणाम काय झाला असेल ते पाहता चूकच. असा त्या पत्राचा आशय आहे. यात आकांत नाही, शिव्याशाप नाहीत. समुद्रापलीकडे गेल्यावर, हात पोचणार नाही एवढे अंतर पडल्यावर, नवऱ्याकडून आपल्याला काय मिळाले ते तिने पहिल्यांदा मोजून पाहिले.

मला वाटते, घेणे म्हणजे नुसते हात पुढे करणे नव्हे. मिळालेले काय आहे ते ओळखता येणे, आणि त्यातले नको ते नको म्हणता येणे, हे त्यात येते. माझ्या वर्गातल्या मुलींना हे सांगावेसे वाटते. त्यांच्या मोबाईलवर दिवसातून दहा वेळा विचारणा येते : कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, फोटो पाठव. "तो माझी फार काळजी करतो, मॅडम," असे एक मुलगी मला कौतुकाने सांगत होती. महिन्याभराने तिने नाटकात काम करणे सोडले, मग मैत्रिणींच्या कट्ट्यावर बसणे सोडले. काळजी आणि पहारा यांत फरक आहे. गोपाळरावांच्या हातात लाकूड होते म्हणून तो फरक दिसला तरी. मोबाईलमध्ये तो दिसत नाही.

आतापर्यंतची उदाहरणे मुख्यतः पांढरपेशा घरांतली झाली, याची मला जाणीव आहे. शेतात नवऱ्याच्या बरोबरीने राबणाऱ्या, न पटल्यास काडीमोड घेऊन पाट लावता येणाऱ्या समाजांतल्या बायकांचे रीतिरिवाज वेगळे होते. तिथे नवऱ्याशी बोलायला रात्र व्हावी लागत नसे. म्हणून तिथे सगळे सोपे होते असे नाही. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'चे लेखन बरीच वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले होते. ऊर्मिला पवार यांनी 'आयदान'मध्ये नवऱ्यावरचे प्रेम आणि पुढे शिकण्यावरून त्याच्याशी पडलेली तेढ, दोन्ही सारख्याच मोकळेपणाने लिहिली आहेत. इतके मोकळे मराठीत त्याआधी फार थोड्या बायकांनी लिहिले असेल.

आता घेण्याकडे येते. आपल्या भाषेत 'वाढणे' हे क्रियापद मोठे मजेदार आहे. झाड वाढते, मूल वाढते, आणि बाई ताटात वाढते. ती वाढत राहते आणि शेवटी उरले ते घेऊन बसते. तिच्या ताटात वाढायला कुणी नसते, ती स्वतःच घेते. माझे वडील आठवड्याच्या बाजारातून येताना आईसाठी कधी गजरा, कधी ओल्या खोबऱ्याच्या वड्यांचा पुडा आणत. हातात देत नसत. स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवून ओसरीवर निघून जात. आई तो पुडा बघे, आणि तासाभरात वड्या आम्हा भावंडांत वाटून मोकळी होई. गजऱ्यातला अर्धा देवाला, पाव माझ्या वेणीत. तिला मिळालेली कोणतीही वस्तू तिच्याकडे रात्रभर राहिलेली मला आठवत नाही. जे मिळाले ते लगोलग देऊन टाकले म्हणजे घेतल्याचा दोष उरत नाही, असे काहीसे तिच्या मनात असावे. वडील ओसरीवरून हे बघत. त्यांना काय वाटत असेल, हा विचार मी तेव्हा केला नाही.

बाईने मागावे, आणि तिला मिळावे, असा एक प्रसंग आपल्या रीतीत आहे : डोहाळजेवण. काय खावेसे वाटते, कुठे जावेसे वाटते, असे तिला विचारतात. फुलांची वाडी भरतात, झोपाळ्यावर बसवतात. पण तो मान पोटातल्या जिवाचा. मूल झाले की विचारणे थांबले. दिवाळीच्या पाडव्याला नवरा ओवाळणी घालतो खरी, पण त्याआधी तबक धरून तिला ओवाळावे लागते. मंगळागौर, हळदीकुंकू हे बायकांनी बायकांना द्यायचे समारंभ. एकीने दुसरीला अत्तर लावायचे, ओटी भरायची. मला नेहमी वाटत आले आहे की घरात न मिळणारे कौतुक बायकांनी अशा रीतीने आपापसात वाटून घेतले.

नवऱ्याकडून घ्यायचे तर एकच हमखास मार्ग होता, आणि तो म्हणजे रुसणे. रुसवा हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे, पण त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. मागता येत नाही, कारण मागणे शोभत नाही. तेव्हा गप्प बसायचे, जेवायचे नाही, आणि समोरच्याने येऊन विचारण्याची वाट पाहायची. न मागता मागण्याची ही सोय. साक्षात रुक्मिणीने ती वापरली. ती रुसून दिंडीरवनात येऊन बसली, तिला शोधत देव आला आणि पंढरपूर वसले, अशी कथा आहे. आजही तिचे मंदिर विठ्ठलाच्या शेजारी नाही, मागे वेगळे आहे. वारकऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. पण या मार्गात एक धोका आहे. समोरचा विचारायला आलाच नाही तर? किंवा त्याला रुसवा कळलाच नाही तर? रुक्मिणीसाठी देव आला. सगळ्यांच्या घरी येत नाही.

आणि पुरुषाने होऊन दिले तर? त्याच्यावर दंड बसतो. बायकोला चहा करून दिला, तिचे पाय चेपले, की तो बाईलवेडा, ताटाखालचे मांजर. तिला म्हणतात, नवऱ्याला राबवून घेते. म्हणजे देणाऱ्यालाही शिवी आणि घेणारीलाही. दोघांनी मिळून असे ठरवावे की ही देवघेव बंद बरी, तर त्यात नवल ते काय? 'सप्तशती'त एक गृहिणी स्वयंपाक करता करता काजळी लागलेला हात तोंडाला लावते, आणि नवरा हसून म्हणतो की आता तुझे तोंड डाग असलेल्या चंद्रासारखे झाले. दोन हजार वर्षांपूर्वीचा म्हणतात तो हा नवरा चुलीपाशी येऊन बायकोकडे बघत उभा होता. मधल्या काळात त्याला ओसरीवर कुणी पाठवले, याचा कुणी तरी शोध घ्यायला हवा.

इथवर दुसऱ्यांविषयी लिहिले. स्वतःविषयी न लिहिता थांबले तर ते लबाडीचे होईल. या लेखासाठी जुनी टिपणे शोधताना माळ्यावरच्या ट्रंकेत पत्रांचा एक गठ्ठा सापडला. १९९१ ते १९९३ या काळात माझ्या यजमानांची बँकेतून नांदेडकडे बदली झाली होती. मी नोकरी आणि लहान मुलगा सांभाळून इथेच राहिले. ते दर आठवड्याला अंतर्देशीय पत्र लिहीत. मी उत्तर लिही ते बहुधा पोस्टकार्डावर. पोस्टकार्ड स्वस्त, हे कारण मी स्वतःलाही सांगत असे. खरे कारण हे की पोस्टकार्ड उघडे असते, पोस्टमन वाचतो, त्यामुळे त्यावर काही लिहावे लागत नाही. 'सा. न. वि. वि.' म्हणून सुरुवात, मुलाचा ताप, दूधवाल्याचा हिशेब, परीक्षेचे पेपर, कळावे.

१९९२ च्या पावसाळ्यातल्या एका पत्रात त्यांनी शेवटी एक वाक्य लिहिले आहे. ते इथे देत नाही. एवढेच सांगते, की असे वाक्य नवऱ्याने बायकोला लिहावे असे प्रत्येक बाईला वाटते. पुढच्या पत्रात त्यांनी विचारले आहे, मागच्या पत्राची शेवटची ओळ वाचलीस ना? माझी पोस्टकार्डेही त्यांनी त्याच गठ्ठ्यात ठेवली आहेत. उत्तराचे कार्ड मी वर काढले. त्यावर माझ्या अक्षरात लिहिले आहे : 'पत्र पोचले. रेशनची साखर आली, तुमच्यासाठी दोन किलो वेगळी काढून ठेवली आहे. याल तेव्हा नेणे.'

मी गाथा शिकवते, उखाण्याची रचना फळ्यावर उलगडून दाखवते. त्या संध्याकाळी ट्रंकेपाशी बसून मला माझीच लाज वाटली. भिंतीवर रेघा मारून परदेशी गेलेल्या नवऱ्याचे दिवस मोजणारी बायको त्याच 'सप्तशती'त आहे. आज गेला, आज गेला म्हणत पहिल्या अर्ध्या दिवसातच ती भिंत भरून टाकते. माझ्याकडेही तशी भिंत होती. कॅलेंडरवर मी फुल्या मारत असे. तेवढे तरी कार्डावर लिहायला काय हरकत होती?

कार्ड घेऊन मी बाहेरच्या खोलीत गेले. हे वर्तमानपत्र वाचत होते. मी विचारले, "अहो, हे आठवतं का?" त्यांनी चष्मा वर करून पाहिले.

"आठवतं की. उत्तर आलं होतं तुझं."

"हे उत्तर?"

"साखर वेगळी काढली होतीस ना. मी समजलो."

मला बरे वाटायला हवे होते. मी तिथेच थांबायला हवे होते. पण मागच्या बाकावरच्या मुलीने माझी सवय बिघडवली होती. मी विचारले, "पुरलं का तेवढं?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा नाही पुरलं." आणि पान उलटले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "चहा घेतेस का अर्धा कप? मी ठेवतो." एरवी मी म्हणाले असते, बसा, मीच टाकते. ओठांवर आलेही होते. मी हो म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले. आतून भांड्यांचे आवाज आले. गाळणी कुठे आहे, असे त्यांनी दोनदा विचारले. मी जागेवरूनच सांगितले. चहात साखर जरा जास्तच पडली होती.